जनगणनेचे आकडे आपल्या रोजच्या जगण्यात नेमके कुठे येतात? (प्रगणकाची ड्यूटी लागली आहे, उदाहरणं हवीत)

अबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. जनगणनेच्या घरयादीसाठी प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली आहे. प्रशिक्षण झालं, मोबाईलवरचं ॲप कसं चालवायचं तेही दाखवलं. काम अवघड नाही. अडचण वेगळीच आहे.

आमच्या वाड्यावर एक माई राहतात, सत्तरीच्या पुढच्या. मुंडकाराचं घर, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचं. मला ड्यूटी लागली हे कळताच त्यांनी सरळ विचारलं, "तुमी मेजून व्हरतात, मागीर आमकां कितें मेळटा?" (तुम्ही मोजून नेता, मग आम्हाला काय मिळतं?) मी "विकासासाठी, योजनांसाठी" असं काहीतरी पुटपुटले. माझं मलाच ते खरं वाटलं नाही. पोस्टरवरचं वाक्य होतं ते.

तुम्हाला तुमच्या आयुष्यात, कामात, गावात जनगणनेचा आकडा कधी प्रत्यक्ष भेटला का? ऐकीव नको, घडलेलं सांगा. मला दारोदार जायचंय आणि प्रत्येक दारात हा प्रश्न येणार आहे.

सुंगट

33 प्रश्नांची यादी वाचली. घरात मुख्य धान्य कोणतं खाता हेही विचारणार आहेत. गोव्यात उत्तर ठरलेलं: शीत, म्हणजे भात. नुस्त्याचा (मासळीचा) रकाना ठेवला असता तर खरी माहिती मिळाली असती. :)

खाजनवाट

अबोलीताई, प्रश्न फार चांगला. मी एक टर्म पंच होतो, त्यामुळे मला तो आकडा अगदी पहिल्याच दिवशी भेटला. गोव्यात पंचायतीत 5, 7, 9 की 11 पंच हे गावाच्या लोकसंख्येवर ठरतं, आणि लोकसंख्या म्हणजे मागच्या जनगणनेची. कुणाच्या अंदाजाची नाही, मतदारयादीचीही नाही. आमच्या गावात 2011 नंतर दोन मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. माणसं वाढली, कचरा वाढला, नळजोडण्यांचे अर्ज वाढले. पंचांची संख्या तीच, कारण कागदावर गाव 2011 चंच आहे. ग्रामसभेत नवीन वसाहतीतले लोक विचारायचे, "आमचा पंच कोण?" त्यांचा राग खोटा नव्हता.

राखीव प्रभागाचंही तेच. प्रभागात अनुसूचित जमातीची घरं किती, ते जनगणनेवरून बघतात. कुणाला उभं राहता येईल आणि कुणाला नाही, हे त्या एका रकान्यावर ठरतं.

नर्सबाय

मी आरोग्य उपकेंद्रावर एएनएम (आरोग्यसेविका) होते, आता निवृत्त. ताई, माईंना हे सांगा.

सपाट भागात 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 20,000 आणि 3,000, असा निकष आहे. हे हजार मोजायचे कुठून? जनगणनेतून. आमचं लसीकरणाचं टार्गेटसुद्धा तसंच निघायचं. 2011 ची लोकसंख्या घ्यायची, दरवर्षीची वाढ गृहीत धरायची, जन्मदर लावायचा आणि सांगायचं, तुमच्या भागात एक वर्षाखालची इतकी मुलं.

माझा भाग औद्योगिक वसाहतीला लागून. खोल्याखोल्यांतून कामगारांची कुटुंबं. कागदावरच्या मुलांपेक्षा प्रत्यक्षातली मुलं कितीतरी जास्त. त्यामुळे आमच्या उपकेंद्राचं काम महिन्यामागून महिना शंभर टक्क्यांच्या वर दिसायचं. बैठकीत टाळ्या मिळायच्या. मला मात्र रात्री झोप लागायची नाही, कारण शंभराच्या वर गेलो म्हणजे कुणी सुटलं नाही असं होत नाही. किती सुटली हे कळण्याचं साधनच उरत नाही. शेवटी मी आणि अंगणवाडीच्या बाईंनी खोल्या मोजून आमची वही केली. एका चाळीत 11 मुलं अशी सापडली की ज्यांना एकही डोस नव्हता.

मोजलं गेलं नाही तर काय जातं, ते मी असं पाहिलं आहे.

अबोली_फोंडा

नर्सबाय, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हेच हवं होतं.

रात्रपाळी

मला हे पटत नाही. आधार आहे, रेशनकार्ड आहे, मतदारयादी आहे, जीएसटी आहे. सरकारकडे आपली इतकी माहिती असताना शिक्षकांना शाळा सोडून उन्हात फिरवायची गरज काय? एक बटण दाबलं की आकडा येईल. 2021 ची जनगणना झालीच नाही, काही अडलं का?

तिस्कावयलो

@रात्रपाळी, अडलं. रेशनचं सांगतो, आमचं दुकान आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात देशपातळीवर ग्रामीण 75 टक्के आणि शहरी 50 टक्के लोकांना धान्य असं ठरलं. राज्याला किती माणसांचं धान्य येणार तो कोटा 2011 च्या लोकसंख्येवर बांधला आणि तिथेच थांबला. दुकानात नवीन सून येते, बाळ जन्मतं, नाव चढवायला जातात, उत्तर येतं की जागा नाही, कुणाचं नाव कमी झालं की बघू. मला हे रोज तोंडावर सांगावं लागतं. लोकांना वाटतं दुकानदारच अडवतो.

पाटो_पूल

@रात्रपाळी, मी अर्थशास्त्र शिकवते, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

आधार तुम्ही कोण आहात ते सांगतं. तुम्ही कसे राहता ते सांगत नाही. माझा आधारचा पत्ता अजून डिचोलीच्या माहेरचा आहे, मी पणजीत राहून 19 वर्षं झाली. मतदारयादीत मुलं नाहीत. रेशनकार्ड सगळ्यांकडे नाही. पाणी कुठून आणता, कशावर शिजवता, घरात कुठली भाषा बोलता, कामाला किती लांब आणि कशाने जाता, हे घरोघरी एकाच वेळी विचारणारी दुसरी यंत्रणा देशात नाही. कामावरच्या प्रवासाचा प्रश्न 2011 मध्ये होता. बसमार्ग आखणाऱ्या कुणालाही विचारा, त्याची किंमत काय ते.

पैशाचंही सांगते. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवतो. पंधराव्या आयोगाने 2011 च्या लोकसंख्येला 15 टक्के वजन दिलं. गोव्याचा वाटा 0.386 टक्के निघाला. आकडा चिमुकला दिसतो, पण राज्याच्या अंदाजपत्रकात ती फार मोठी रक्कम असते.

तुमच्या बँकेची शाखा 'ग्रामीण' की 'निमशहरी', हेसुद्धा रिझर्व्ह बँक जनगणनेच्या लोकसंख्येवरून ठरवते. दहा हजारांखाली ग्रामीण, दहा हजार ते एक लाख निमशहरी.

सांजवात

वाचतेय. खूप नवीन माहिती.

खाजनवाट

पाटोबाईंनी ग्रामीण-शहरीचा विषय काढला म्हणून. 2001 मध्ये गोव्यात जनगणनेच्या हिशेबाने 44 शहरं होती, 2011 मध्ये 70. पालिका-महापालिका मात्र दोन्ही वेळी 14 च. मधली सगळी 'जनगणना शहरं'. म्हणजे लोकसंख्या किमान 5,000, दर चौ. किमी. 400 माणसं आणि कमावत्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर. गाव कागदावर शहर होतं, कारभार पंचायतीचाच राहतो. पंचायतीकडे ना मलनिस्सारण, ना अग्निशमन, ना नगररचनाकार. गोवा 62 टक्के शहरी, देशातल्या राज्यांत सगळ्यात वर, असं आपण अभिमानाने सांगतो. या 62 टक्क्यांतली पुष्कळ माणसं सरपंचाच्या सहीवर जगतात.

चवथीचो_माटोळी

आमचं गावही त्यात आहे. अजून दोन शेतं कसतो आम्ही. शहर म्हणे!

रानवेल_सांगे

मला माईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या समाजाच्या बाजूने द्यायचं आहे. थोडं मोठं होईल.

आम्ही वेळीप. 2001 च्या जनगणनेचं पुस्तक उघडा, संपूर्ण गोव्यात अनुसूचित जमातीचे लोक किती? 566. बरोबर वाचलंत. कारण गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा यादीत समावेश झाला 2003 मध्ये. 2011 मध्ये तोच आकडा 1,49,275 झाला. गोव्याच्या 10.23 टक्के. माणसं तीच, डोंगर तेच, कुमेरीची (डोंगरावरच्या फिरत्या शेतीची) जागा तीच. मधल्या काळात आम्ही कुठून आलो नव्हतो. आमच्यासाठी रकाना नव्हता.

आता याचा परिणाम बघा. विधानसभेचे 40 मतदारसंघ. अनुसूचित जातीसाठी पेडणे राखीव. जमातीसाठी एकही नाही, कारण मतदारसंघांची फेररचना 2001 च्या जनगणनेवर झाली आणि त्या जनगणनेत आम्ही 566. 2011 चा आकडा समोर असूनही वर्षानुवर्षं "फेररचना झाल्यावर बघू" हेच ऐकलं. माझे वडील मोर्च्यांना जायचे. ते गेले, जागा काही आल्या नाहीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी गोव्यातल्या अनुसूचित जमातींच्या प्रतिनिधित्वासाठी वेगळा कायदा मंजूर केला, त्या दिवशी मी घरी येऊन वडिलांच्या फोटोसमोर दिवा लावला.

म्हणून ताई, आमच्या वाड्यावर कुणी तुम्हाला "आमकां कितें मेळटा" विचारलं तर हा 566 चा आकडा सांगा. लगेच कळेल.

सुंगट

रानवेल, अंगावर काटा आला. हे मला माहीत नव्हतं, गोव्यात जन्मून माहीत नव्हतं.

मोगरी_म्हापसा

जातीच्या नोंदीचं पण या जनगणनेत आहे ना? 1931 नंतर पहिल्यांदा जनगणनेत सगळ्या जाती. आणि 1931 ची ती मोजणी ब्रिटिश सरकारची, म्हणजे गोवा त्यात नव्हताच. आपल्याकडे कुठला समाज किती हे आजवर प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगत आलाय. एकदा कागदावर येऊ दे.

सांजवात

मला भीती वाटते की आधीच ताणलेली माणसं आणखी ताणली जातील. मोजणीला विरोध नाही. पण माझ्या मुलाला अजून आपली जात माहीत नाही, ती त्याला प्रगणकाच्या तोंडून कळावी असं वाटत नाही.

रानवेल_सांगे

सांजवात, तुमची भावना समजते. आमच्या मुलांना मात्र ती पहिलीतच कुणीतरी सांगतं.

नागझर

भाषेचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून मी काढतो. 2001 मध्ये गोव्यात मातृभाषा मराठी सांगणारे साधारण 22-23 टक्के होते, 2011 मध्ये 11 टक्क्यांवर आले. कोकणी 57 वरून 66 वर. दहा वर्षांत निम्मे मराठी लोक गेले कुठे? माझं मत स्पष्ट आहे, प्रगणक विचारत नाहीत, स्वतःच 'कोकणी' लिहून मोकळे होतात.

पाटो_पूल

नागझर, तसंही काही घरी झालं असेल, पण सगळी घट त्यावर टाकू नका. माझ्याच घरचं बघा. आम्ही घरात कोकणी बोलतो. पोथी मराठी, वर्तमानपत्र मराठी, भजनं मराठी, लग्नपत्रिका मराठी. 2001 मध्ये माझ्या सासऱ्यांनी मराठी लिहायला सांगितलं, 2011 मध्ये माझ्या नवऱ्याने कोकणी. दोघेही खोटं बोलले नाहीत. आई लहानपणी आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, असा तो प्रश्न आहे. येत असलेल्या आणखी दोन भाषा लिहायची सोय 2011 मध्ये वेगळी होती. तिथे किती गोंयकारांनी मराठी सांगितलं असतं! बहुतेकांनी तो रकाना घाईत उरकला.

नागझर

ते पटतं. पण त्या आकड्यावरूनच उद्या "मराठी इथे 11 टक्क्यांची" म्हणून बोललं जातं, शाळा बंद करताना तोच दाखवला जातो. माझी शाळा सत्तरी तालुक्यात होती, आज तिथे पोरं नाहीत. म्हणून दुखतं.

पाटो_पूल

दुखणारच. माझीही मराठी शाळाच. म्हणूनच म्हणते, दुसऱ्या भाषेचा रकाना आला तर भरा, शेजाऱ्यांनाही सांगा.

दर्यावर्दी_बायल

अवांतर वाटेल, पण अबोलीताईंना उपयोगी पडेल. माझे यजमान बोटीवर. वर्षातले नऊ महिने दर्यात. 2011 मध्ये फेब्रुवारीतली मोजणी झाली तेव्हा ते जहाजावर होते. प्रगणक बाईंनी सांगितलं की मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नाही, त्या काळात परतणारही नाही, तो या घरात धरायचा नाही. नियम तसाच होता, बाई बरोबर होत्या. मी मात्र दिवसभर हिरमुसले. त्यांच्या पगारावर हे घर उभं आहे आणि घराच्या कागदावर ते नाहीत. आमच्या सासष्टीत अशी कितीतरी घरं.

आजोबा_पेडणे

दर्यावर्दी_बायल, तुमचं वाचून मला राहवलं नाही. टायपिंग नातीने केलं आहे, बोल माझे आहेत.

हे गोव्याचं जुनं दुखणं. 1960 पर्यंतच्या प्रत्येक मोजणीत गोव्यात दर हजार पुरुषांमागे बायका हजाराच्या वर दिसतात. 1960 मध्ये 1066. मुली जास्त जन्मत होत्या म्हणून नव्हे. बापये (पुरुष) मुंबईला, आफ्रिकेला, बोटींवर. घरं बायकांनी धरून ठेवलेली. माझे वडील मुंबईत धोबीतलावच्या कुडीत (गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात) राहायचे, वर्षातून एकदा चवथीला यायचे.

डिसेंबर 1960 ची मोजणी पोर्तुगीजांची शेवटची. तेव्हा मी आठ वर्षांचा. रेजेदोर (गावचा सरकारी अधिकारी) आला, बरोबर लिहिणारा. आजीने आधी दार लावून घेतलं. तिला वाटलं सोजीर (शिपाई) भरती करायला किंवा कर लावायला आले. मला माळ्यावर लपवलं. त्या कागदात मी आलो की नाही ते मला आजही ठाऊक नाही. गोव्याची माणसं तेव्हा 5.90 लाखांच्या आसपास. वर्षाने गोवा मुक्त झाला. 1971 ची मोजणी आपल्या सरकारची, आकडा 7.95 लाख, आणि बायकांचं प्रमाण 981 वर आलं. खाणी, बंदर, बांधकाम, नोकऱ्या. बाहेरून माणसं आली, गेलेली काही परतली. एवढी मोठी उलथापालथ दोन आकड्यांत दिसते.

1971 ला आमच्याकडे मास्तर आले होते. आजीने त्यांना चहा दिला आणि स्वतः माझं नाव सांगितलं.

अबोली_फोंडा

आजोबा, नमस्कार. नातीलाही सांगा, फार छान टाईप केलंय.

चवथीचो_माटोळी

बंद घरांवर कुणी बोला ना. 2011 मध्ये गोव्यात सुमारे सव्वा लाख घरं रिकामी निघाली, पाचात एकाहून जास्त. प्रमाणात देशात सगळ्यात वर. आमच्या गावात दिल्लीवाल्यांचे बंगले, वर्षातून दोन आठवडे दिवे. पाण्याची लाईन त्यांनाही, टँकर आम्हाला.

खाजनवाट

त्यात जुनी घरंही धरा. भाऊबंदकीत अडकलेली, पोर्तुगालला-लंडनला गेलेल्यांची. सगळे काही सेकंड होम नाहीत. पण घर भाड्याने मिळत नाही म्हणून आमची लग्न झालेली पोरं दोन खोल्यांत राहतात आणि बाजूला कुलपं, हे खरं. त्या आकड्याने निदान वाद घालायला पाया दिला, एरवी "आमच्या गावात खूप बंद घरं आहेत" म्हटलं की समोरचा म्हणायचा, किती?

रात्रपाळी

मी वर जे लिहिलं त्यातलं "काही अडलं का" मागे घेतो. नर्सबाय आणि रानवेल यांचे प्रतिसाद वाचल्यावर तसं म्हणवत नाही. एक शंका मात्र खरी आहे. दिलेली माहिती पोलीस, आयकर किंवा कोर्टात जाणार नाही याची खात्री काय?

अबोली_फोंडा

@रात्रपाळी, हे प्रशिक्षणात नीट सांगितलं. जनगणना कायदा 1948 चा. कलम 15 प्रमाणे प्रगणकाने भरलेली नोंद कुणालाही बघता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. बाहेर येतात ते गावाचे, प्रभागाचे एकत्रित आकडे. मी कुणाची माहिती बाहेर सांगितली तर शिक्षा मला. कलम 8 मध्ये आणखी एक गोष्ट वाचून मला गंमत वाटली. कायद्याने उत्तर देणं बंधनकारक आहे, पण रिवाजाने जे नाव घ्यायचं नाही ते घ्यायला बाईवर सक्ती नाही. नवऱ्याचं नाव घेत नसेल तर नको घेऊ, असं चक्क कायद्यात लिहिलंय.

सुंगट

उखाण्यात घेतलं तर चालेल का तेही विचारा ताई. :)

अबोली_फोंडा

:) आता मूळ प्रश्नाकडे येते. काल संध्याकाळी माईंकडे गेले. नर्सबायची चाळ सांगितली, रानवेलचे 566 सांगितले, आजोबांचा माळा सांगितला. त्या ऐकत राहिल्या. मग दार थोडं ओढून घेऊन हळू आवाजात खरी गोष्ट विचारली. घर आपलं म्हणून सांगितलं तर भाटकार तो कागद दाखवून आपल्याला बाहेर काढेल का? तिसऱ्या पिढीची मुंडकार बाई, 1975 चा मुंडकार कायदा तिच्या बाजूचा, आणि तरी ही भीती.

मला तेव्हा कळलं, "आमकां कितें मेळटा" याच्या खाली हा दुसरा प्रश्न होता. मी कलम 15 त्यांना कोकणीतून दोनदा समजावलं. मी कागद मागणार नाही, तुम्ही सांगाल ते लिहीन, आणि ते भाटकाराला कधी दिसणार नाही. हक्काचा निकाल मामलेदाराकडे, माझ्या मोबाईलमध्ये नाही.

नर्सबाय

बरं केलंस बाय. मग काय म्हणाल्या?

अबोली_फोंडा

बराच वेळ गप्प होत्या. मग पाण्याचा प्रश्न कसा विचारणार ते विचारलं. मी सांगितलं, पाणी आवारात आहे, जवळ आहे की लांबून आणावं लागतं. उठल्या, मला परसात नेलं, बांधापलीकडची विहीर दाखवली. पावसात ती वाट निसरडी होते, गेल्या वर्षी तिथेच पडल्या होत्या. म्हणाल्या, "पयस. तें बरय." (लांब. ते लिही.)